खूर तोबऱ्यात घडतो : राक्षसभुवन आणि मराठी घोडदळाची चंदी

(दीर्घ थ्रेड)

१० ऑगस्ट १७६३. आजच्या बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यात, गोदावरीच्या दक्षिण तीरावर वसलेले राक्षसभुवन. नदीला पावसाळ्याचे पाणी आलेले. निजाम अली नदी ओलांडून पलीकडे गेलेला; त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर मात्र उरलेल्या सैन्यासह अलीकडच्या तीरावरच राहिलेला. ही संधी साधून माधवराव पेशवे आणि रघुनाथराव यांच्या फौजेने त्याला गाठले. लढाईत रघुनाथराव वेढले गेले, पुतण्याने त्यांना सोडवले आणि विठ्ठल सुंदर मारला गेला. पानिपताला अडीच वर्षे झाली होती. माधवरावांचे वय अवघे अठरा होते.

ही कथा इतिहासप्रेमींना पाठ असते. या थ्रेडचा विषय तिच्या खालचा आहे, अगदी शब्दशः खालचा. त्या दिवशी गोदाकाठच्या काळ्या चिखलात उतरलेले घोड्यांचे खूर कशाचे बनले होते, ते कधी घडले आणि त्यासाठी लागलेला खुराक कोणाच्या शेतातून आला, हा तो विषय.

प्रथम खुराविषयी. घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटाच्या टोकावर उभा असतो आणि खूर हे त्या बोटाचे नख असते. माणसाच्या नखाप्रमाणेच ते केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनते. पायावरचे केस जिथे संपतात, त्या वरच्या कडेला नवे कवच तयार होते आणि हळूहळू खाली सरकते. वेग महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर. म्हणजे वरच्या कडेला आज तयार झालेला भाग खुराच्या पुढच्या टोकाशी जमिनीला टेकण्यास नऊ महिने ते एक वर्ष लागते.

यातून एक विलक्षण गोष्ट निघते. आज घोड्याच्या तोबऱ्यात जे घातले, ते आजच्या खुराला लागू पडत नाही. ते पुढच्या वर्षीच्या खुराला लागू पडते. उपासमार, दीर्घ ताप किंवा चाऱ्यातला अचानक बदल यांची आडवी रेघ खुरावर उमटते आणि ती रेघ महिनोन्‌महिने खाली उतरत राहते. जाणकार नालबंद खूर हातात घेऊन घोड्याचे मागचे वर्ष कसे गेले हे सांगू शकतो. दप्तरे जळतात, वाळवी लागते; ही नोंद घोडा स्वतःच्या पायावर वागवत असतो.

आज घोड्यांच्या खुरांसाठी मिळणाऱ्या पूरक आहारात बायोटिन, जस्त, तांबे आणि मेथिओनिन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल असते. यांपैकी बायोटिनची सर्वांत प्रसिद्ध चाचणी व्हिएन्नाच्या लिपिझ्झानर घोड्यांवर झाली आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. घोड्यांना रोज २० मिलिग्रॅम बायोटिन देण्यात आले. कवचाची प्रत सुधारली खरी, परंतु फरक स्पष्ट दिसण्यास नऊ महिने लागले. घाई करणाऱ्या मालकाला हे औषध निरुपयोगी वाटते. एका अर्थी तो बरोबरच असतो. बिघडलेला खूर कोणत्याही पुडीने दुरुस्त होत नाही, त्याच्या वर नवा चांगला खूर वाढू द्यावा लागतो.

आता हाच हिशेब राक्षसभुवनाला लावून पाहावा. १० ऑगस्ट १७६३ रोजी त्या घोड्यांच्या खुरांचा जो भाग जमिनीला टेकत होता, तो साधारण १७६२ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात तयार झालेला असणार. तो काळ कोणता? काका-पुतण्यांच्या भाऊबंदकीचा. पावसाळ्यात रघुनाथराव पुणे सोडून बाहेर पडले, त्यांनी निजामाची मदत मिळवली आणि नोव्हेंबरात आळेगावच्या लढाईने माधवरावांना नमावे लागले. ज्या महिन्यांत घोडे बांधून, चारून ताजेतवाने करायचे, त्याच महिन्यांत मराठी घोडी मराठ्यांवरच धावत होती. त्यानंतर १७६३ ची मोहीम आली : औरंगाबाद, वऱ्हाड आणि पुढे हैदराबादच्या परिसरापर्यंत. नकाशावर सरळ रेषा ओढल्या तरी हे अंतर हजार किलोमीटरांच्या आसपास भरते. खुरावरून काढलेले हे अनुमान आहे, हे मान्य. परंतु त्याचा पाया शरीरशास्त्राचा आहे आणि वर्षाच्या गणितात ते चपखल बसते.

वर्षाचे हे गणित मराठ्यांना चांगले ठाऊक होते. कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत शिवछत्रपतींच्या लष्कराची रीत सांगितली आहे. पावसाळ्यात लष्कराने छावणीस यावे. तेथे घोड्यांसाठी दाणा, रतीब, औषधे आणि गवताने शाकारलेल्या पागा आधीच तयार असाव्यात. दसरा झाला की कूच करावे आणि आठ महिने परमुलखात काढावेत. या वर्णनाकडे बहुधा लष्करी शिस्तीचा नमुना म्हणून पाहिले जाते. पण चार महिने विश्रांती, नेमून दिलेला खुराक आणि कोरडे छप्पर ही खुराची गरजही आहे. सतत ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या घोड्याचा खूर मऊ पडतो, खिळे सैल होतात, नाल निघतो. मग ऊन लागून तोच खूर वाळला की त्याला भेगा जातात. मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत हे दोन्ही टोकांचे अनुभव एकाच महिन्यात येतात. भाद्रपदात पाय रुतेल असा चिखल, आणि चार दिवस उघडीप पडली की टणक ढेकळे.

याच बखरीत आणखी एक तपशील आहे, जो लढायांच्या गर्दीत हरवतो. पागेतील दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पखालजी पाणी पुरवणारा, नालबंद खूर सांभाळणारा. पंचवीस बारगीरांवर एक हवालदार असे, म्हणजे प्रत्येक हवालदाराच्या हाताखाली स्वतःचा नालबंद होता. अबुल फज़लच्या ‘आईन-ए-अकबरी’त बादशाही घोड्यांना वर्षातून दोनदा नाल ठोकण्याची तरतूद सांगितली आहे. दख्खनच्या खडकाळ वाटांवर आठ महिने धावणाऱ्या घोड्यांना दोन खेपा पुरल्या असतील असे वाटत नाही. नालबंद तुकडीबरोबरच ठेवण्याचे कारण तेच असावे.

शब्दांतही हा इतिहास शिल्लक आहे. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येणारा स्वार. मोहिमेपूर्वी त्याला जी आगाऊ रक्कम मिळे, तिचे नाव ‘नालबंदी’. पैसा तलवारीला लागे, कपड्याला लागे, घरी ठेवून जाण्यासाठीही लागे. नाव मात्र पडले नालावरून. तसाच ‘रतीब’. आज हा शब्द दुधाच्या पिशवीपुरता उरला आहे. लष्करात तो जनावराला नेमून दिलेल्या रोजच्या खुराकासाठी वापरला जाई.

त्या खुराकात काय असे? मुख्य शब्द ‘चंदी’, म्हणजे घोड्याला द्यायचा दाणा. हरभरा आणि हुलगा ही दख्खनची दोन प्रमुख धान्ये. हुलगा म्हणजे कोकणातला कुळीथ. इंग्रजांनी त्याचे नावच घोड्याचा हरभरा अशा अर्थाचे ठेवले. हलक्या, मुरमाड जमिनीत आणि कमी पावसात येणारे हे कडधान्य. त्यात सुमारे पाचव्या हिश्शाहून अधिक प्रथिने असतात. ते कच्चे दिल्यास नीट पचत नाही, म्हणून भिजवून किंवा शिजवून देण्याची रीत. यामागचे कारण पुढे प्रयोगशाळेने सांगितले : कच्च्या कडधान्यात प्रथिनांचे पचन रोखणारे घटक असतात आणि शिजवल्याने ते बरेच निष्प्रभ होतात.

मात्र कडधान्यात एक उणीव आहे. केराटिनला लागणारी गंधकयुक्त अमिनो आम्ले त्यात कमी पडतात. ती बाजरी-ज्वारीसारख्या तृणधान्यांत तुलनेने बरी असतात. म्हणजे हरभऱ्याबरोबर बाजरी खाणारा घोडा दोन्ही बाजूंनी सावरला जातो. बायोटिन हिरव्या चाऱ्यात असते आणि घोड्याच्या मोठ्या आतड्यातील जिवाणूही ते तयार करतात. त्यासाठी त्याला भरपूर वैरण मिळावी लागते. हरळीचे महत्त्व येथे आहे. दाण्याची तोशीस आली तर घोडा काही काळ निभावतो. पण वैरण तुटली की त्याचे पोट बिघडते आणि पोटाबरोबर पुढच्या वर्षाचा खूरही.

उलट टोकही धोक्याचे. एकाच वेळी फार दाणा घातला, किंवा उभ्या हिरव्या पिकात घोडी मोकळी सोडली, तर खुराच्या आतले नाजूक पडदे सुजतात आणि घोडा पाऊल टाकीनासा होतो. शत्रूच्या मुलखातील उभी शेते घोड्यांना चारणे हा सैनिकी विजय वाटे; घोड्याच्या पायांना तो विजय मानवेलच असे नसे.

पूरक आहाराची कल्पना तर याहून कितीतरी जुनी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात उत्तम घोड्याच्या खुराकात धान्याबरोबर तेल, दही किंवा मांसरस आणि पाच पल मीठ नेमून दिले आहे. मीठ तोलून देणे म्हणजे खनिजाचा हिशेब ठेवणेच होय. अकबराच्या खास घोड्यांना साखर आणि हिवाळ्यात तूप मिळे. सगळ्याच परंपरा शहाण्या होत्या असे नव्हे. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने तमिळ किनाऱ्याविषयी लिहिताना सांगितले आहे की, तेथील राजे दरवर्षी समुद्रमार्गे हजारो घोडे आणवीत, त्यांना शिजवलेला भात आणि मांस चारीत, नालबंद मात्र तेथे नसत आणि घोडे भराभर मरत. त्यानेच आजच्या पश्चिम चीनमधील डोंगरांतल्या एका विषारी वनस्पतीची नोंद केली आहे : ती खाल्ली की जनावरांचे खूर गळून पडतात. जमिनीत सेलेनियमचे प्रमाण अधिक असल्यास असे घडते, असा आजच्या अभ्यासकांचा कयास आहे. आज खुरांच्या पूरक आहारात हेच सेलेनियम अत्यल्प मात्रेत घालतात. पुडीवरची मात्रा न वाचता मूठभर घालणाऱ्यांनी पोलोची ही नोंद वाचण्यासारखी आहे.

आता खर्चाकडे. दख्खनी तट्टू अंगाने लहान. वजन ३०० किलोच्या आसपास धरावे. घोड्याला रोज वजनाच्या सुमारे दोन टक्के सुका चारा-दाणा लागतो, म्हणजे सहा किलो. दहा हजार घोड्यांच्या फौजेला रोज साठ टन. एका बैलगाडीत अर्धा टन वैरण मावते असे मानले, तर रोज एकशेवीस गाड्या. फौज एका जागी आठ दिवस थांबली तर जवळपास हजार गाड्या. एवढी वैरण कोणतीही फौज बरोबर घेऊन फिरत नाही. ती वाटेतल्या गावांच्या गंजीतून येते.

ही गंज कोणाची, हे शिवछत्रपतींनी नेमके ओळखले होते. १६७३-७४ च्या सुमाराचे, मे महिन्यातले त्यांचे एक पत्र प्रसिद्ध आहे. चिपळूण भागात छावणीस असलेल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना लिहिलेले. रयतेच्या भाजीच्या देठासही हात लावू नये या आज्ञेसाठी ते उद्धृत केले जाते. परंतु संपूर्ण पत्र वाचले तर त्याचा गाभा घोड्यांचा चारा आहे. साठवलेला दाणा आणि गवत बेताने वापरा. आताच उधळपट्टी कराल तर ऐन पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल. मग तुम्ही कुणब्याकडे जाल. कोणी त्याचे दाणे आणील, कोणी भाकरी, कोणी गवत, कोणी लाकूडफाटा. रयतेला मग मोगल बरे वाटू लागतील. गवताच्या गंजीजवळ आगट्या पेटवू नका, रात्री दिवा तसाच ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल, इथपर्यंत बारकावा त्यात आहे.

घोड्याच्या खुराकाचा प्रश्न आणि रयतेचा प्रश्न हा एकच प्रश्न आहे, असे सांगणारे याहून स्पष्ट पत्र मराठी कागदपत्रांत विरळाच. भाजीचा देठ हा त्या पत्राचा शेवटचा टप्पा. पहिला टप्पा गवताची गंज. गंज संपली की देठाला हात जाणारच.

१७६३ च्या मोहिमेत हे भान कोणत्याच बाजूला परवडले नाही. निजामाच्या फौजेने पुणे लुटले, जाळले. मराठ्यांनी निजामाच्या मुलखातून खंडणी आणि लूट वसूल केली. दोन्ही फौजा एकमेकींच्या रयतेवर पोसल्या जात होत्या. बीडचा मुलूख पुण्याच्या आणि हैदराबादच्या मधल्या वाटेवर. तो कोणाचाही असो, फौज तेथून जाणारच. येथल्या कुणब्याच्या दृष्टीने हुलगा कोणत्या झेंड्याचा घोडा खातो याला फारसा अर्थ नव्हता. त्याच्या बैलांचा कडबा गेला की पुढची पेरणी अडे. लढाईचा दिवस एक. कडबा नसलेले वर्ष संपूर्ण. राक्षसभुवनाच्या विजयाचे श्रेय माधवरावांच्या धैर्याला अवश्य द्यावे. परंतु तो विजय ज्या पायांवर उभा होता, त्यांची चंदी नकाशावर नाव नसलेल्या गावांनी भरली होती, हे त्याच पानावर लिहिले गेले पाहिजे.

पेशवाई गेल्यानंतरही बीडमध्ये घोडदळ राहिले, फक्त झेंडा बदलला. निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली चालणाऱ्या हैदराबाद कंटिंजंटचे एक ठाणे अंबाजोगाईला होते. तेव्हा गावाचे नाव मोमिनाबाद. हे रिसाले शिलेदारी पद्धतीचे. स्वार घोड्याचा खुराक आपल्या पगारातून भागवी. म्हणजे हरभरा महागला की त्याची झळ सरकारी तिजोरीआधी स्वाराला लागे आणि त्याच्याही आधी तोबरा हलका होई. अशा हलक्या तोबऱ्याचा परिणाम खुरावर दिसायला वर्ष लागते. तोवर त्याचा दोष नालबंदावर गेला असल्यास नवल नाही. १९०३ मध्ये कंटिंजंट ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन झाले. त्याच्याच वारसा असलेल्या डेक्कन हॉर्सने १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये, सोमच्या लढाईत हाय वूडजवळ भाले घेऊन दौड केली. समोर मशीनगन होत्या.

आता बीडमध्ये घोडा दिसतो तो प्रामुख्याने वरातीत. डांबर आणि सिमेंटवर चालणारा, बँडच्या आवाजात उभा राहणारा, लग्नसराईत दाणा भरपूर आणि एरवी जेमतेम मिळणारा. त्याच्या खुरांवर वर्षाच्या या चढउतारांच्या रेघा स्पष्ट दिसतात. अशा घोड्याला बायोटिनची पुडी उपयोगी पडू शकते, पण ती वर्षभर, न चुकता द्यावी लागते आणि तिच्याखाली वैरणीचा पाया लागतो. मराठवाड्याच्या चुनखडीयुक्त काळ्या मातीत पिकांना जस्त कमी मिळते. एकाच शेताचा कडबा वर्षभर खाणाऱ्या जनावरात ती उणीव उतरू शकते. जुन्या फौजेचा घोडा निदान दहा गावांचे गवत खाई.

मराठी पागांचा तो घोडा अगदीच नाहीसा झालेला नाही. भीमा आणि नीरा या नद्यांच्या खोऱ्यांतील भीमथडी घोड्याला अलीकडे स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंदणी मिळाली. पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांत मेंढपाळ धनगर त्याच्या पाठीवर संसार लादून चालतात : भांडी, घोंगड्या, कोंबड्या, कधी नुकतेच जन्मलेले कोकरू. दसरा-दिवाळीच्या सुमारास हे वाडे बाहेर पडतात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. सभासदाने सांगितलेल्या लष्करी वर्षाचेच हे वेळापत्रक.